समोरून उजवा

सदर इसम, वय वर्षे बावन्न, उंची मध्यम, बांधा कार्यालयीन. व्यवसाय : अभिलेख कक्षात वरिष्ठ लिपिक. सेवा अठ्ठावीस वर्षे. त्या काळात हरवलेल्या फाइली शून्य, इतरांनी हरवल्या म्हणून जाहीर केलेल्या व सदर इसमाने शोधून काढलेल्या फाइली एकशे चार. वर्तणूक समाधानकारक. विवाहित. प्रस्तुत कामास पत्नीचा लेखी विरोध नाही. तोंडी विरोध नोंदवून घेण्याची सोय नाही. ओळखीची खूण : उजव्या कानामागे पेन्सिल. मालमत्ता, स्थावर : वडिलार्जित घर, मागे पत्र्याची शेड. जंगम : चारचाकी वाहन एक, दरवाजे चार, दिवे गोल, मूळ रंग निळा, सध्याचा रंग गंज. चालक : अर्जदार स्वतः. वाहन बंद असल्याचा कालावधी : तेहतीस वर्षे. बंद ठेवण्याचे कारण :

इथे अर्ज थांबला होता. गाड्यांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाने जुन्या वाहनांच्या मालकांना नोटीस धाडली होती, की चार महिन्यांत गाडी तपासणीला आणा, नाहीतर भंगारात काढल्याचं लिहून द्या. सोबत दोन पानी अर्ज. बाकीचे रकाने त्याने एका बैठकीत भरले. कारणाच्या रकान्यापाशी पेन्सिल कानामागे गेली ती तिथेच राहिली.

मित्रमंडळी त्याला शेरा म्हणत. नव्या माणसाला वाटे, सिंहावरून ठेवलं असेल. पण ते कागदाच्या तळाशी मारतात त्या शेऱ्यावरून पडलं होतं. चहा आला तरी हा ‘पाहिला, साखर जास्त’ म्हणे आणि मगच पिई.

कारण त्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणणं सोपं होतं. खरं म्हणजे त्याला एक कारण ठाऊक होतं आणि ते खोटं ठरावं अशी त्याची तेहतीस वर्षांची इच्छा होती.

एकोणिसाव्या वर्षी, एका रविवारी दुपारी बाबा झोपलेले असताना, त्याने गाडी बाहेर काढली होती. फार लांब नाही, फाटकापर्यंतच. फाटकाचा खांब तेवढा आडवा आला. उजव्या मडगार्डावर वीतभर ओरखडा उठला. शेडमध्ये निळ्या रंगाचा उघडलेला डबा होता, शेजारी ब्रशही होता. ते तिथे का होते, असले प्रश्न एकोणिसाव्या वर्षी पडत नाहीत. त्याने रंग फासला, ब्रश होता तसा ठेवला आणि गाडी मागे ढकलून लावली. त्यानंतर बाराव्या दिवशी बाबांनी ऑफिसातून येऊन गाडी शेडमध्ये घातली, किल्ली स्वयंपाकघरातल्या दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, “गाडी आता राहू दे.” पुढे शेवटपर्यंत बसने फिरले. बाबा नकाशे काढणाऱ्या खात्यात होते; कमी बोलायचे, आणि बोलायचे तेही मोजपट्टी लावून. विचारायला चोवीस वर्षं मिळाली होती. पण विचारलं की उत्तर मिळतं, हीच तर भीती. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले आणि ती सोयही गेली.

तेव्हा शेराने ठरवलं, की माणूस सांगत नसेल तर गाडीला विचारायचं. सगळी खोलायची. आत एखादा मोडलेला दांडा, जळलेली तार, तडकलेलं काहीतरी सापडलं तर कारण ‘तांत्रिक’, आणि आपण सुटलो.

मदतीला तिघे आले. शाळेपासूनचे दोन दोस्त, एक टेलर आणि एक दातांचा डॉक्टर. आणि पंप दुरुस्त करणारे काका, ज्यांना आयुष्यभर विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करून जमिनीवरचं एखादं इंजिन बघायची उत्सुकता होती. टेलरकडे आसनं, डॉक्टरकडे गंज, काकांकडे इंजिन. नोंदी अर्थातच शेराकडे.

“प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची,” शेराने पहिल्याच रविवारी जाहीर केलं. “क्रमांक, तारीख, कुठून काढला, बाजू. चिठ्ठीशिवाय एक स्क्रूसुद्धा हलणार नाही.”

“आणि चिठ्ठी हलली तर?” डॉक्टरने विचारलं.

“तिला दोरा आहे.”

“स्क्रू पडला तर चालेल, चिठ्ठी पडता कामा नये,” टेलर म्हणाला. “समजलं. सुरू करा.”

शेराची आई, वय ब्याऐंशी, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसे. तिचं म्हणणं एवढंच, की घरात तीन पंखे बंद आहेत आणि चार माणसं एका गाडीमागे.

दोन महिन्यांत गाडीची एकशे सत्याऐंशी चिठ्ठ्यांमध्ये विभागणी झाली. मागचे दिवे चिंध्यांत गुंडाळून कपाटात गेले. मडगार्ड शेराने स्वतः सोडवली, गाडीच्या तोंडासमोर उभं राहून, आणि तिथल्या तिथे चिठ्ठ्या लिहून भिंतीवरच्या आकड्यांना टांगली : क्र. ४१, पुढचे, उजवे. क्र. ४२, पुढचे, डावे.

डॉक्टर ज्या आवडीने गंज काढी, ती पाहून त्याच्या रोग्यांना धडकी भरली असती. दवाखान्यातली बोथट झालेली हत्यारं त्याने आणली होती आणि गाडीच्या फटीफटीत घालून तो “आ करा” असं पुटपुटे. एका रविवारी त्याने क्रमांक एकेचाळीसच्या कडेला पॉलिश पेपर घासता घासता हाक मारली.

“शेरा, इकडे ये. हे बघ.”

पत्र्यावर रुपयाएवढी जागा घासून निघाली होती आणि तिच्यात एकात एक वर्तुळं दिसत होती, झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी. निळं, जरा वेगळं निळं, आणखी वेगळं निळं.

“सात,” डॉक्टर म्हणाला. “मूळ रंग सोडून सात वेळा हाताने रंगवलंय. खाली पत्रा चेपलेला आहे. सात वेळा भरलेला दात आहे हा. कुणी एवढं जपत नाही, लोक काढून टाकतात.”

शेराने चिठ्ठी वाचली. उजवे. पुन्हा वाचली.

“आणि बेचाळीसवर?” त्याने विचारलं.

“त्याच्यावर एकच ठिगळ. तेही कुणीतरी डोळे मिटून फासलंय. ब्रशचा केस अडकलाय आत.”

शेराने तो केस पाहिला. जाडा, काळा, टोकाशी वाकलेला. क्षणभर त्याला तो ओळखीचा वाटला. पण चिठ्ठीवर ‘डावे’ होतं, आणि डोळे आणि चिठ्ठी यांच्यात वाद झाला तर चिठ्ठीच्या बाजूने उभं राहण्याची त्याला अठ्ठावीस वर्षांची सवय होती.

हिशेब सरळ होता. उजव्या मडगार्डावर एक थर आपला. उरलेले सहा बाबांचे. म्हणजे ओरखडा त्यांना दिसला होता. बारा दिवसांत सहा वेळा, दिवसाआड, ते कुणाला न सांगता शेडमध्ये येऊन डाग झाकत बसले होते. रंग जमला नाही आणि शेवटी त्यांनी गाडीच नजरेआड केली. बोलले असते तर बरं झालं असतं, असं शेराला वाटलं. निदान थोबाडीत दिली असती तर नोंद तरी झाली असती.

तरी काका उरले होते. त्यांच्या इंजिनात काही निघालं तर अजून आशा होती. चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला काकांनी इंजिन लाकडी घोडीवर चढवलं, बाटलीतून पेट्रोल दिलं, आणि ते दोनदा खोकून चालू झालं. शेडमधल्या सगळ्या चिठ्ठ्या फडफडल्या.

“काय दोष होता, काका?” शेराने विचारलं.

“दोष?” काका हात पुसत म्हणाले. “तेहतीस वर्षांची धूळ होती. बाकी या इंजिनाला काही झालेलंच नव्हतं. बंद केलं म्हणून बंद होतं.”

“नीट बघितलंत ना?”

“आता काय, त्याचा जबाब घेऊ?”

त्या संध्याकाळी शेराने कानामागची पेन्सिल काढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : अर्जदाराचा निष्काळजीपणा. पेन्सिलीने, पण अक्षर चांगलं आलं.

पुढच्या रविवारी जोडणी सुरू झाली. दरवाजे बसले, आसनं बसली. टेलरने शिवण अशी घातली होती की त्यावर बसायला संकोच वाटावा. मग क्रमांक एकेचाळीस, पुढचे, उजवे. शेराने आणि डॉक्टरने ते उचलून उजव्या बाजूला लावलं. भोकं जुळेनात. वर केलं, खाली केलं. दिव्याची खोबण आकाशाकडे बघायला लागली.

“पत्रा वाकलाय,” शेरा म्हणाला.

“पत्रा नाही वाकला,” काका म्हणाले. “हे या बाजूचं नाहीच.”

“चिठ्ठीवर उजवं लिहिलंय.”

टेलर तोंडातल्या टाचण्या काढून उठला. “शेरा, ही चिठ्ठी लिहिताना तू कुठे होतास?”

“कुठे म्हणजे? इथे. समोर.”

“गाडीकडे तोंड करून?”

“मग काय पाठ करून लिहू?”

“अरे, मग हा तुझा उजवा,” टेलर म्हणाला. “गाडीचा नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा उजवा हात माझ्या डावीकडे येतो. पहिल्या आठवड्यात कान पिळून शिकवतात हे.”

“मी असं केलं तर चांगली दाढ हातात येईल,” डॉक्टर म्हणाला. “अठ्ठावीस वर्षांत तुला कुणी सांगितलं नाही?”

सांगणार कोण? शेराचा सगळा जन्म कागदासमोर गेला होता. कागदाला स्वतःचं डावं-उजवं नसतं. जे वाचणाऱ्याचं तेच त्याचं. उलट आपल्याकडे तोंड करून उभी राहणारी वस्तू त्याच्या टेबलावर कधी आलीच नव्हती. एकशे सत्याऐंशी चिठ्ठ्यांपैकी एकशे पंच्याऐंशी बरोबर होत्या. दोनच त्याने समोर उभं राहून लिहिल्या होत्या.

“म्हणजे तू डावं-उजवं केलंस,” टेलर म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

शेरा हसला नाही. तो बेचाळीसपाशी गेला होता. ठिगळातला केस अजून तिथेच होता, जाडा, काळा, टोकाशी वाकलेला. हे उजवं. हा त्याचा डाग : एक थर, घाईत फासलेला, आणि त्याला त्यानंतर कुणीही हात लावलेला नव्हता. बाबांनी तो पाहिलाच नव्हता, किंवा पाहून सोडून दिला होता.

“मग सात थर डाव्या बाजूला,” डॉक्टर म्हणाला. आता त्यालाही राहवेना. “एकाच बाजूला, एकाच जागी, सात वेळा कोण आपटतं? आणि हे आठवड्या-पंधरवड्यातलं काम नाही. थरांच्या मधे धूळ बसलीय. दीड-दोन वर्षं चाललंय हे.”

“ज्याला ती बाजू दिसत नाही तो आपटतो,” दारातून आई म्हणाली.

चौघांनी वळून पाहिलं. ती खुर्चीत नेहमीसारखीच बसली होती, मांडीवर शेंगांचं ताट.

“डावा डोळा गेला होता तुझ्या बाबांचा,” ती म्हणाली. “हळूहळू गेला. नोकरीची तीन वर्षं राहिली होती. नकाशे काढणाऱ्याचा डोळा गेला म्हटल्यावर खात्याने घरी बसवलं असतं. म्हणाले, नकाशाला एकच पुरतो, दुसरा तसाही मिटूनच घ्यावा लागतो. पण गाडीला दोन लागतात. कुठेतरी घासून यायचे आणि मागे बसून रंगवायचे. शेवटच्या दिवशी एक बाई सायकलवरून डावीकडून आली, थोडक्यात वाचली. त्या दिवशी किल्ली टांगली.”

“आणि तू?”

“मी काय? मी रस्त्याने त्यांच्या डाव्या अंगाला चालायचे. लोक म्हणायचे, किती जोडीनं चालतात.”

“आई, मग मला का नाही सांगितलंस? रिटायर झाल्यावर तरी?”

“तेव्हा ते म्हणाले, आता कुणाला काय करायचंय. आणि तू विचारलंस कधी?” आईने शेंग मोडली. “तुला वाटायचं, त्या खांबामुळे. हो ना?”

शेराचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला.

“खांबाला निळा रंग लागला होता, तो मीच पुसला,” ती म्हणाली. “त्यांना दिसला नसता, पण उगीच कशाला.”

काकांनी दोन्ही मडगार्ड उचलून आपापल्या जागी धरली, आणि भोकं अशी जुळली की जणू कधी हललीच नव्हती. डॉक्टरने सात थरांवर शेवटचा हात मारायला पॉलिश पेपर घेतला. शेराने त्याचा हात धरला.

“ते राहू दे.”

“वाईट दिसेल.”

“दिसू दे. दोन्ही राहू दे.”

अर्ज त्याने त्याच दुपारी, गाडीच्या टपावर ठेवून, पुरा केला. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडलं आणि त्या जागी शाईने लिहिलं : मालकाला डाव्या डोळ्याने दिसत नव्हते. शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. टेलरने तो वाकून पाहिला. काहीतरी म्हणणार होता, पण तोंडात टाचण्या होत्या.

मुदत संपायला तीन दिवस असताना गाडी तपासणीला गेली. आई मागे डाव्या बाजूला बसली, आणि ती बाजू तिने जाताना-येताना सोडली नाही. स्टिअरिंगवर काका होते. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज वाचला, कारणाशी थोडं थांबल्या, मग ‘चालक : अर्जदार स्वतः’ यावर बोट ठेवून परवान्याचा क्रमांक विचारला.

शेराने त्या ओळीवर आडवी रेघ मारली. त्या रविवारच्या दुपारनंतर तो कधी स्टिअरिंगवर बसलाच नव्हता. त्याला गाडी चालवता येत नव्हती.