एका दिवसाच्या बोलीवर आणलेली लेन्स

जुनी लेन्स विकायला काढणारा माणूस काहीतरी लपवतोच, अशी माझी पक्की समजूत होती. त्यात सानगडीचा तो फोटोग्राफर आयुष्यभर लग्नं टिपत आलेला. फुगून बसलेल्या जावयाला हसवणारा माणूस मला गुंडाळायला कितीसा वेळ घेणार?

पण निकड माझीच होती. एकोडीच्या तळ्यात शिंगाड्याच्या पानांवरच्या घरट्यात कमळपक्ष्याची अंडी होती; ती उबवतो आणि पिलं सांभाळतो तो बापच. तिथे मासे धरणारे काका म्हणाले होते, "दोन दिसात पिलं निघतीन जी. बापामागं गेले का मंग नाई गवसत." फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा मी हौसेने घेऊन बसलो होतो, लांबचं जवळ आणणारी लेन्स मात्र नव्हती.

फोटोग्राफरकडे दोन झूम होत्या. सत्तर-दोनशे मिलिमीटरच्या लेन्समध्ये पक्षी मुंगीएवढा आला असता, म्हणून दीडशे-सहाशे उचलली.

"घरी न्या, एक दिवस वापरून पाहा, मंग बोला," तो म्हणाला.

इतक्या सहज? संशय तिथेच सुरू झाला.

घरी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढले. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची लेन्स माथी मारली असेल तर कोपरे काळे पडतील. नाही पडले. टॉर्च मारून आत बुरशी शोधली. तीही नाही. बायको म्हणाली, "पोरीचं स्थळ पाहताना एवढी चौकशी नाही केली तुम्ही." काहीच खोट निघेना, तेव्हा तर माझी खात्रीच झाली की खोट मोठी आहे.

सकाळी धूळ नको म्हणून गाडीच्या काचा चढवल्या, बॅग एसीच्या झोतासमोर ठेवली आणि तळं गाठलं. लेन्स लावून पाहतो तर सगळं पांढुरकं. पुढच्या काचेवर धुरकट थर. सापडली बुरशी! पिलं निघाली होती. बापाच्या पायाशी हलणारे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत होते. पण मला चोर पकडायची घाई. तडक सानगडी. रागात एसी लावायचंही सुचलं नाही.

फोटोग्राफरने लेन्स उजेडात धरली. काच लख्ख.

"कुठं हाय जी बुरशी?"

"आत्ता होती."

"एसीतून काढली का?"

मी गाडीतल्या बॅगेकडे पाहिलं.

"थंडी काच दमट हवेत आली का घाम सुटते तिले. पंधरा मिनिटं थांबाचं होतं." मग लेन्स माझ्या हातात देत म्हणाला, "तुम्ही लेन्स पारखून राहिले होते, का मले?"

मी पैसे मोजून लेन्स विकत घेतली आणि परत तळ्यावर आलो. पानांवर कुणीच नव्हतं.

"तुम्ही गेले अन् थे निघाले," काका म्हणाले. "काहून गेले होते जी?"

काका खोटं तर बोलत नाहीत ना, असंही क्षणभर वाटून गेलं. मग मी त्या रिकाम्या घरट्याचा फोटो काढला. ओल्या शेवाळाचा एकेक तंतू मोजता यावा इतका स्पष्ट आला.