साकव आणि कमान

सौदीत, जुबैलच्या आमच्या ऑफिसात माझा साहेब एक इंग्रज आहे. तो पाइपलाइनचा इंजिनियर, मी त्याचा ड्राफ्ट्समन. त्याच्या केबिनच्या भिंतीवर कारखान्याचा एकही नकाशा नाही. आहे तो त्याच्या गावाकडचा. आपल्या तालुक्याएवढा मुलूख, त्यात मेंढ्यांची कुरणं, ओढे, एखाद-दुसरं बाजाराचं गाव आणि सगळीकडून गेलेल्या हिरव्या तुटक रेषा. त्या पायवाटा आहेत, असं त्यानं मला ओळख झाल्या झाल्या सांगितलं. शेत कुणाचंही असो, वाट चालणाऱ्याची. शेतकऱ्यानं फाटकाला कुलूप लावलं तर कौन्सिल ते काढायला लावतं.

मला हसू आलं. आमच्याकडे वहिवाटीच्या दाव्यात आजोबा मरतात आणि नातू तारखेला जातो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मोहल्ला, मशीद, दुकान, एसटीचा थांबा सगळं एका अंगाला, आणि आमचं घर पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. उन्हाळ्यात त्यात कोंबड्या चरतात, आषाढात तो म्हैस वाहून नेतो. दर वर्षी शेजारीपाजारी पोफळीचे सोट आडवे टाकून साकव करतात आणि पहिल्या मोठ्या पुरात तो समुद्राला मिळतो. मग आई पाणी उतरेपर्यंत पलीकडे अडकून पडायची. अब्बा गेल्यापासून ती तिथे एकटी राहत होती. तिची एकच मागणी होती, पक्का साकव. तो झाला असता तर ती मरेपर्यंत त्या घरात राहिली असती.

पण हाच पऱ्या दोन ग्रामपंचायतींची शीव. आमचं घर कागदावर पलीकडच्या पंचायतीत, आणि माणसं, नातीगोती, कबरस्तान अलीकडच्या गावात. अलीकडचा सरपंच म्हणायचा, "पलीकडची घरं आमच्या यादीत नाहीत." पलीकडचा म्हणायचा, "साकव तुमच्या मोहल्ल्यात उतरतो, तुम्हीच बांधा." प्रत्येक सुट्टीत मी दोघांच्या ओट्यावर जाऊन चहा पिऊन आलो. चहा दोन्हीकडे चांगला मिळायचा.

हे सगळं एकदा साहेबाला सांगितलं, तेव्हा तो उठून नकाशाजवळ गेला आणि एका ओढ्यावर बोट ठेवलं. त्यांच्याकडेही ओढा म्हणजे दोन गावांची हद्द, आणि पुरात लाकडी साकव वाहून गेलेला. गावांच्या कौन्सिलांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. मग वरच्या कौन्सिलने सांगितलं, वाट आमच्या नोंदीत आहे, साकव आमचा. इथे जुबैलमध्ये बसून त्याने तक्रारी केल्या, दोन वर्षं शिव्या घातल्या, आणि साकव झाला. "आमचं कौन्सिलसुद्धा फार हळू चालतं," असं म्हणून तो माझी समजूत काढत होता. मला त्याचा रागच आला. ज्याचं काम झालंय त्याने दुसऱ्याचं सांत्वन करू नये.

आता आमच्या सौदी कमिटीबद्दल. कोकणातल्या आमच्या गावांची अशी रीत आहे की गाव तिकडे आणि गावाचा कारभार आखातात. जुम्म्यानंतर कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं, बिर्याणी चापायची आणि गावात काय बांधायचं ते ठरवायचं. ठरवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कित्येक वर्षांत गावचा पाऊस पाहिलेला नसतो. सुट्टी लग्नसराईत घेतात, मग पऱ्यात त्यांना कोंबड्याच दिसणार. मी साकवाचा विषय काढला. आमचे अध्यक्ष इथे तीस वर्षं काढलेले सुपरवायझर. हाड चघळत म्हणाले, "साकव सरकारचं काम हाय रे. आपण गावाच्या तोंडावर कमान बांधू. येणाऱ्याजाणाऱ्याला कळाया पायजे, या गावची पोरं सौदीला हायेत."

"आणि माझी आई?"

"तिला मुंब्र्याला ने ना तुझ्या बहिणीकडं. खलास."

सगळे हसले. मी ताट ठेवून उठलो.

कमान झाली. जांभ्याचे दोन जाड खांब, वर हिरवा घुमट, खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावं संगमरवरात. नकाशा अध्यक्षांच्या जावयाने दम्मामला बसून काढला. सुट्टीत विमानतळावरून ज्या गाडीतून ते सगळे गावात जातात, ती गाडी ऐसपैस जाईल एवढी रुंद. एसटी कमानीच्या बाहेरच थांबते; दुसरं मोठं वाहन आमच्या गावात येऊ शकतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पुढच्याच हिवाळ्यात, कसं कोण जाणे, जिल्हा परिषदेतून साकव मंजूर झाला. आईने फोनवर तीनदा सांगितलं, "लोखंडाचा हाय म्हणे, लोखंडाचा!" त्या दिवशी मी ऑफिसात मिठाई वाटली. साहेबाने तर पेढा खाऊन माझा हात हातात घेतला.

गर्डर घेऊन ट्रक आला तो कमानीपाशी अडला. खांबांमधून शिरेना. दुसरा रस्ता नाही, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर. ठेकेदार म्हणाला, एक खांब उतरवा, काम झालं की मी बांधून देतो. मी कमिटीच्या पाया पडायचा बाकी राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "खांबावर माझ्या मरहूम वालिदचं नाव हाय. बापाच्या नावाचा खांब कसा पाडू?" ट्रक दोन दिवस उभा राहून परत गेला. मार्चअखेर आली आणि काम रद्द झालं. दोन्ही सरपंच पहिल्यांदाच एका मताचे निघाले, आमच्याकडून काही कमी नव्हतं.

त्या पावसात आईला ताप भरला. शेजाऱ्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडे आणलं. मला सुट्टी मिळाली नाही, व्हिडिओ मिळाला. त्यात ती एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्याने डोक्यावरची ओढणी धरून बसली आहे. तशीच ती मुंब्र्याला गेली, माझ्या बहिणीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी. नातवंडं तिच्याशी हिंदीत बोलतात. मी फोन केला की विचारते, "मना घरी कदी नेशील?" मी म्हणतो, पाऊस जाऊ दे. पाऊस गेला, पुन्हा आला. ती तेच विचारते, मी तेच म्हणतो. मला कमिटीचा राग येतो, दोन्ही सरपंचांचा येतो, आणि तिने विचारलं की तिचाही येतो.

परवा साहेबाने विचारलं, "तुमचा पूल झाला का रे?"

त्याच्या भिंतीवर तो नकाशा होताच. मला त्या हिरव्या रेषांसमोर नाही म्हणवेना.

"झाला," मी म्हटलं.

"फोटो दाखव की."

माझ्याकडे गावचा फोटो एकच होता, कमिटीच्या ग्रुपवर आलेला कमानीचा. पूल हिच्या आत आहे, असं सांगून मी तोच पुढे केला. त्याने फोन हातात घेऊन कमान नीट पाहिली, छान आहे म्हणाला, आणि तिच्यातून आत जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवलं.

"हा कुठे जातो?"

"आमच्या घरी," मी म्हटलं. घराला कुलूप आहे, हे त्याला सांगितलं नाही.