डी ड्राइव्हमधली आत्या

खरं सांगते, त्या कॉम्प्युटरचा मला वीट आलेला. खोपटच्या एका ऑफिसने काढून टाकलेलं मशीन, हार्ड डिस्क नाही, एकच फ्लॉपी ड्राइव्ह. आठवडाभर ठाण्याला नोकरी करून रविवारी दुपारी मानपाड्याच्या घरी मी त्याच्यासमोर बसायचे, कारण बाबांना आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुरा करायचा होता. कोण कुणाचा मुलगा, कोण कोकणातून कुठे गेला, सगळं त्यांच्या डोक्यात. ते सांगायचे, मी टाइप करायचे. दर चार ओळींनी मशीन फ्लॉपीत काहीतरी शोधायला लागायचं, करर्र करर्र, आणि बाबांना थांबावं लागायचं. थांबले की विसरायचे. मग चिडायचे, अर्थात माझ्यावर.

शेवटी ऑफिसातल्या एकाने रॅम डिस्क करायला शिकवलं. मेमरीचाच एक तुकडा बाजूला काढायचा आणि मशीनला सांगायचं, ही तुझी डी ड्राइव्ह. सुरुवातीला फ्लॉपीवरचं सगळं तिच्यात घेतलं की काम सुसाट! अट एकच, वीज गेली की डी ड्राइव्ह कोरी. म्हणून प्रत्येक पान झालं की फ्लॉपीवर कॉपी करायचं. आमच्याकडे शुक्रवारी वीज जायची, तर शुक्रवारी मी मशीनला हातच लावायचे नाही. एवढी मी शहाणी.

त्या रविवारी बाबा स्वतःच्या पिढीवर आले. मशीन अडत नव्हतं, तेही अडत नव्हते. तिघा भावांची नावं झाली आणि त्याच सुरात ते म्हणाले, "आणि एक बहीण. सगळ्यात धाकटी."

मला आत्या होती, हे मला तिशीत कळत होतं! चार वर्षांची असताना तापात गेली. शेवटच्या दिवशी तिने पेज मागितली, ताप वाढेल म्हणून मोठ्यांनी दिली नाही. "मी चोरून द्यायला हवी होती गं," बाबा म्हणाले. तिचं नाव त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. त्यांना थांबवून कॉपी करणं माझ्याच्याने होईना.

तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला आत गेले. बाबा डोळे पुसत उठले. खोलीतून बाहेर पडताना जन्मभराच्या सवयीने त्यांनी बोर्डावरून हात फिरवला. पंखा, दिवा, प्लग, सगळी बटणं बंद. रिकाम्या खोलीत काही चालू ठेवणं म्हणजे आमच्याकडे पापच.

परत येऊन बघते तर पडदा काळा. "अहो बाबा, काय केलंत हे!" मी ओरडलेच. डी ड्राइव्हचं त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. ते बिचारे त्या बटणाकडेच बघत राहिले.

पुढच्या रविवारी म्हणाले, "चल, गेलेलं पान परत घे." घेतलं. "आम्ही तिघे भाऊ," ते म्हणाले. "लिही." माझी बोटं थांबली. ते माझ्याकडे न बघता पुढच्या पिढीवर गेले. विचारायचं धाडस नव्हतं, आणि खरं म्हणजे त्राणही नव्हतं. म्हटलं, नंतर विचारू.

कुलवृत्तांत छापून झाला. बाबाही गेले. पुस्तकात ते तिघे भाऊच आहेत. तिचं नाव मी माझ्या बोटांनी टाइप केलेलं, आणि मला ते आठवत नाही.