माझे तळपाय कोण बघणार

फ्रिजच्या दारावर मी एक कागद चिकटवला होता. सकाळी अर्धा तास चालणे, आठच्या आत नाश्ता, वेळेवर गोळ्या आणि शेवटी पाय बघणे. चारही कामांपुढे महिन्याभराचे चौकोन आखले होते. पहिल्या तीन कामांनी माझ्या नाकी नऊ आणले, पण मला खरं बुडवलं ते चौथ्याने, आणि तेच मला सगळ्यांत सोपं वाटलं होतं.

मला साखर होऊन सहा वर्षं झाली. या वर्षी डॉक्टरबाईंनी एक बारीक प्लास्टिकचा दोरा माझ्या तळव्याला टेकवून विचारलं, "कळतंय का?" मला वाटलं, त्यांनी अजून सुरुवातच केली नाही. त्या म्हणाल्या, "झालं सुद्धा. दहा ठिकाणी टेकवला. तुमच्या तळव्यांना आता टोचलेलं कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. तळवे, टाचा, बोटांच्या फटी. आणि घरात सुद्धा अनवाणी फिरायचं नाही."

ही गोष्ट मी हसण्यावारी नेली नाही. माझी थोरली बहीण कळवणला असते. तिच्या चपलेत एक खडा होता, त्याच्यावर ती दिवसभर चालली, आणि दोन महिन्यांनी तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यातून आल्यावर तिने मला पाय दाखवला नव्हता, टॉवेलखाली झाकून ठेवला होता. तो टॉवेल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी मनावर घेतलं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले. तिथे चालण्यापेक्षा उपदेश जास्त मिळतो. मेथ्या भिजत घाल, कारल्याचा रस पी, भात सोड, संध्याकाळी सहानंतर तोंडाला कुलूप लाव. सगळ्यांना माझी काळजी. फोन ठेवताना नातेवाईक "स्वतःची काळजी घे गं" म्हणतात, आणि त्याच फोनवर आधी विचारून झालेलं असतं की दिवाळीच्या चकल्या पाठवणार ना. मी कधी घ्यायची ही काळजी, ते मात्र कोणी सांगत नाही.

घरात घालायला मऊ चपला आणल्या. पण आमचा देव्हारा स्वयंपाकघरात आहे. देवापुढे चपला घालून जायचं म्हणजे माझे पाय उचलतच नाहीत. मग उंबऱ्यापाशी चपला काढायच्या आणि आत जायचं. घरातल्या माझ्या दिवसाचा बहुतेक वेळ त्या उंबऱ्याच्या आतच जातो, म्हणजे चपला उंबऱ्यापाशी आणि मी आत अनवाणी.

आणि पाय बघायचे कसे? माझा गुडघा पुरता वाकत नाही. जमिनीवर आरसा ठेवला तर त्यात पंखा दिसतो आणि कोपऱ्यात थोडी टाच. मुलगी लग्न होऊन पुण्याला. उरले घरात आम्ही दोघं. यजमान मागच्या वर्षी निवृत्त झाले होते.

मी म्हटलं, "अहो, रोज संध्याकाळी माझे पाय बघाल का?"

"मी?" ते म्हणाले. मग उठले आणि त्यांनी खिडकीचा पडदा लावला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या पायांची नखं मी काढत होते. यांना कणकण आली की यांचे पाय मी चेपायचे, दार सताड उघडं असलं तरी. आणि माझ्या पायांकडे नजर टाकायची तर पडदा! पण गरज मला होती, म्हणून गप्प बसले.

ते बघायला लागले, हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळच्या बातम्यांमध्ये जाहिरात लागली की यायचे, माझा घोटा दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, पाय जरा वर करायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." मग दुसरा पाय. "ठीक आहे." जाहिरात संपायच्या आत परत हॉलमध्ये. मी फ्रिजपाशी जाऊन चौकोनात बरोबरची खूण करायची. वीस-बावीस दिवस एकही चौकोन रिकामा नव्हता. मला तर अभिमान वाटायला लागला होता.

आता माझी नोकरी काय, ते सांगते. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी माल तपासते. परदेशी जाणारा माल. बायका टेबलांपाशी उभ्या राहून घड देठाला धरून फिरवतात आणि खराब मणी बारीक कात्रीने काढतात. एक चिरलेला मणी राहिला तरी बोटीवर अख्खं खोकं ओलं होतं, म्हणून भरलेलं खोकं मी परत उघडते आणि विचारते, "यात काय बघितलंस?" कोणी "ठीक आहे, मॅडम" म्हणालं की मी खोकं तिच्यापुढे पालथं करायला लावते. ठीक आहे म्हणजे काही नाही. काय दिसलं ते सांगायचं. देठ हिरवा का, मण्याला डाग आहे का, कुठे चीर आहे का. बायका मला घाबरून असतात, आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी दुपारी मी टेबलांमधून फिरत होते. आमच्याकडची सगळ्यांत जुनी बाई, जवळच्याच गावातून येते, तिने कात्री खाली ठेवली.

"मॅडम, तुमच्या मोज्याला कसला डाग हाय?"

मी खाली बघितलं. पांढऱ्या मोज्यावर टाचेपाशी रुपयाएवढा तांबूस डाग होता.

"द्राक्षाचा असेल," मी म्हटलं.

"द्राक्षं हिरवी हायेत. बसा बरं खाली."

तिने मला पालथ्या क्रेटवर बसवलं, मोजा काढला आणि माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. माझ्याच खिशातली, माल तपासायची बॅटरी काढून ती लावली, आणि घड फिरवावा तसा पाय या बाजूने त्या बाजूने फिरवून बघितला.

"आत कायतरी रुतलंय. कडेनं लाल झालंय, पिकलंय बी. आजकालचं नाय हे, चांगलं आठ दिवसांचं हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "घरी कोणी बघत नाय का?"

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले होते. मी मोजा खिशात घातला आणि तशीच दवाखान्यात निघाले.

डॉक्टरबाईंनी चिमट्याने ओढून काढली ती करवंटीची कपची होती. मला लगेच आठवलं. आदल्या आठवड्यात चटणीसाठी नारळ फोडला होता, आणि सगळं झाडून घेतलं असं समजून मी त्याच ओट्यापुढे रोज अनवाणी उभी राहत होते. त्यांनी लाल झालेल्या भागाभोवती पेनने रेघ ओढली. म्हणाल्या, "गोळ्या देते. लाली या रेघेच्या आत राहिली तर बरं. बाहेर गेली तर त्याच दिवशी भरती व्हायचं. रोज बघणार कोण?"

घरी आले तेव्हा बातम्या चालू होत्या. मी टीव्ही बंद केला.

"काल माझ्या पायात काय बघितलंत?"

"ठीक होता की."

"काय ठीक होतं? टाच बघितली? फटी बघितल्या?"

त्यांचा वाचायचा चष्मा हॉलमध्ये वर्तमानपत्रावर होता. रोज तिथेच असायचा. चष्म्याशिवाय या माणसाला वर्तमानपत्राचा मथळा दिसत नाही, आणि तो बावीस दिवस माझे तळवे बघत होता.

"तुझ्या पायाकडे असं डोळे लावून बघायचं म्हणजे कसंतरीच वाटतं," ते हळूच म्हणाले.

मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "माझ्या बहिणीची बोटं गेली! तुम्हाला कसंतरी वाटतं?" मग रडले सुद्धा. पण रडताना मला दुसऱ्याच गोष्टीची चीड येत होती. चष्मा नाही हे मला रोज दिसत होतं. मीही जाहिरात संपायच्या आत मोकळी होत होते. पॅकहाउसमध्ये कुणी असं केलं असतं तर मी तिला दिवसभर उभं ठेवलं असतं, आणि घरी मी न उघडलेल्या खोक्यावर खूण करत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना ट्यूबलाइटखाली बसवलं. नाकावर चष्मा, हातात माझी बॅटरी, समोर स्टुलावर माझा पाय. पडदा उघडा.

"ठीक आहे म्हणायचं नाही. दिसेल ते सांगा."

"लाल आहे."

"रेघेच्या आत की बाहेर?"

"आत." मग त्यांचा आवाज बदलला. "थांब. एका बाजूला रेघेला टेकलंय. परत बघतो."

त्या संध्याकाळी त्यांनी तीनदा परत बघितलं. भीती वाटत होती त्यांना, आणि वाटू दे असं मला वाटलं, इतके दिवस ती मी एकटीच सांभाळली होती. दुसऱ्या दिवशीही लाली रेघेला टेकलेली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "रेघ आणि लाली यांच्यात आता जागा दिसते. तांदळाच्या दाण्याएवढी." पाचव्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाचलात."

त्या संध्याकाळी ते आपणहून स्टूल घेऊन आले. उजवा पाय नीट बघून झाला, मग डावा घेतला. घोट्यापाशी बॅटरी थांबली.

"ही घोट्याखाली खूण कसली? चांगली चार बोटं लांब आहे."

"तुमच्या भावाच्या हळदीच्या दिवशी मांडवात काच लागली होती. सात टाके पडले."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"सांगितलं होतं. तुम्ही लांबूनच बघितलंत आणि ठीक आहे म्हणालात."

त्यांनी मान वर केली नाही. बॅटरी त्या खुणेवरच होती.

मी उठून फ्रिजवरचा कागद काढून आणला. बरोबरची खूण मी केली नाही. पेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आता इथे तुम्ही लिहायचं. काय दिसलं ते."

चौकोन लहान होता, म्हणून त्यांनी समासात लिहिलं: डावा पाय, सत्तावीस वर्षांपूर्वीची जखम, आज बघितली.