राखाडी टोपीची नळी

मावशी कामावरून आली की आधी पायातले मोजे काढते. पोटऱ्यांवर वळ उमटलेले असतात. दुसऱ्या कुणाचे पाय असावेत तशी ती त्यांच्याकडे बघत बसते. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती रक्त काढते, नळ्या लावते, यंत्र सांभाळते. सगळं उभ्यानं. बसून करायचं काम तिथे एकच: रिपोर्ट तपासून सही करणं. त्या खुर्चीसाठी खात्याची परीक्षा द्यावी लागते. दोनदा दिली, दोनदा गेली. वयाच्या अटीमुळे ही शेवटची.

"यंदा खुर्ची, नाहीतर उभ्याउभ्याच निवृत्ती," ती म्हणायची.

विषय जीवरसायनशास्त्र आणि रेण्वीय जीवशास्त्र. कॉलेजात शिकून विसरलेलं सगळं पुन्हा मुळापासून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पुस्तक धरून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. भाजी निवडताना मी विचारायची, "डीएनएपासून प्रथिन कसं बनतं?"

"डीएनएची नक्कल आरएनएत उतरते. मग तीन-तीन अक्षरं वाचून एकेक अमिनो आम्ल..." आवाज विरत जायचा. बघते तर मान कलंडलेली.

"लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही आणि एन्झाइमं पाठ करतेय," काका म्हणायचे.

"एन्झाइमं निदान काम तरी करतात," मावशी डोळे न उघडता.

सगळ्यात छळलं ते ग्लायकोलिसिसनं. पेशी साखर कशी फोडते, त्याच्या दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम. नवव्या पायरीशी ती हमखास अडायची. शेवटी कामावरही घोकू लागली. हात आपले चालते, ओठ आपले हलते.

परीक्षेच्या आठवड्यात तिनं वॉर्डातल्या एका आजोबांचं साखरेसाठी रक्त काढलं. साखरेसाठी राखाडी टोपीची नळी लागते, तिच्यात फ्लोराइड असतं. हात सवयीनं तिकडेच जातो. त्या दिवशी लाल टोपीच्या साध्या नळीकडे गेला. यंत्र दुरुस्तीसाठी उघडलेलं, त्यामुळे नळी दुपारपर्यंत तशीच राहिली. तिच्यासमोर उभी राहून मावशी दहा पायऱ्या म्हणत होती.

यंत्र सुरू झालं आणि आकडा आला. जुना मधुमेह, आणि साखर इतकी खाली? मग तिची नजर टोपीवर गेली.

रक्त अंगातून निघालं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात, साखर खात राहतात. फ्लोराइड नवव्या पायरीचं एन्झाइम बंद पाडतं, म्हणून राखाडी नळीत साखर टिकते. टोपीचा रंग तिच्या हाताला माहीत होता, नववी पायरी जिभेला. दोन्ही एकच गोष्ट आहे हे मात्र तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती जे घोकत होती, ते सगळा वेळ तिच्या नाकासमोर त्या नळीत चाललं होतं.

तिनं रिपोर्ट थांबवला, झालेली चूक वरिष्ठांना सांगितली, आणि जिने चढून वॉर्डात गेली.

"पुन्हा सुई?" आजोबा म्हणाले. "सकाळचं काय सांडलंत?"

"नाही हो आजोबा, चूक माझी. नळी चुकली. तुमच्याच रक्तानं साखर खाऊन टाकली."

"चला, कुणीतरी खाल्ली. घरात तर मला डबा दाखवतसुद्धा नाहीत." त्यांनी हात पुढे केला.

परीक्षेत ग्लायकोलिसिस आलं. नवव्या पायरीला तिला आजोबांचा हात आठवला आणि एनोलेज हे नाव मुकाट्यानं कागदावर उतरलं. बाकी पेपर बेताचाच. निकालात ती अगदी काठावर सुटली. काकांनी टाळ्या वाजवल्या. ती "हं" म्हणाली आणि झोपायला गेली.

खुर्चीच्या पहिल्या दिवशी ती घरी आली, मोजे काढले. वळ होतेच.

"अगं, आज तर बसायचं होतं ना?" मी विचारलं.

"बसले होते की. सही करताना दुसऱ्याच रिपोर्टात साखर अगदी कमी." तिनं पोटरी चोळली. "टोपी कोणत्या रंगाची होती ते काही कागदावर लिहिलेलं नसतं. उठले, नळी शोधली. मग पेशंटला बघायला वॉर्डात गेले. असं तीनदा झालं."

"लाल निघाली?"

"एकदाच."

मी गरम पाण्याचं घमेलं तिच्यासमोर ठेवलं. पाय बुडवून तिनं डोळे मिटले. या वेळी ओठ हलत नव्हते.