गरम पाण्यातला व्हॉल्व्ह

सुमनचा फोन आला तेव्हा चहाचं आधण ठेवलं होतं. "आक्का, हे गेलं वो..." एवढंच बोलली ती. आधण आटून पातेलं करपलं, तरी मी तशीच उभी.

विलास माझा धाकटा दीर, सुमन त्याची बायको. राहायला दोघं गडमुडशिंगीला, पण विलासचं गॅरेज उद्यमनगरात, माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून. नव्वदच्या दशकात धुराच्या सर्टिफिकेटची सक्ती झाली तशा जुन्या मोटारी त्याच्याकडं येऊ लागल्या. काहींत अंगठ्याएवढा पितळी व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड असलं की बंद, तापलं की उघडा. उघडला की थोडा धूर परत इंजिनात जातो, बाहेरची घाण कमी होते. चौथी शिकलेल्या मला हे त्यानंच शिकवलं. तपासायचं कसं, तर थंड असताना नळीतून फुंकायचं, हवा जाता कामा नये. मग गरम पाण्यात धरून फुंकायचं, गेलीच पाहिजे. आणि गरम पाणी कुठलं? माझ्या गॅसवरचं, माझ्या चहाच्या पातेल्यातलं!

"भावजी, ह्यातलाच चहा पाजीन तुम्हाला."

"पाजा की वैनी, माझं बी इंजिन साफ हुईल!"

गेल्या दिवाळीआधी व्हॉल्व्ह गरम पाण्यात धरून तो फुंकून फुंकून लाल झाला. "गेला ह्यो. बंदच हाय." दुसरा घातला, तोही बंद. मी नळी घेऊन फुंकली... हवा सरळ पार! मी खदखदून हसले. "व्हॉल्व्ह बरा हाय, तुम्हीच पंक्चर झालाय!" तो हसला नाही. धापा टाकत उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "सुमनला सांगू नगा वैनी. घोर लावून घेईल."

नाही सांगितलं. वर मीच फुंकायला लागले. तो गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचा, "वैनीनं पास केला!" आणि मी इथं फुशारायची. असे चार महिने गेले. 'चला, डॉक्टरकडं जाऊ' म्हणायला एकदाही तोंड उघडलं नाही...

दिवसकार्य झाल्यावर सुमननं विचारलं, "डॉक्टर म्हणालं, दम लई दिवसांपासनं लागत असणार. हे तुमच्या डोळ्यापुढं असायचं, कधी दिसलं न्हाई व्हय?"

मी गॅसकडं तोंड फिरवलं. "न्हाई गं."

त्यानं आणलेला शेवटचा व्हॉल्व्ह त्या करपलेल्या पातेल्यात घालून फळीवर ठेवलाय. हे मी पेपरला लिहून धाडतेय, पण छापून सुमनच्या हाती पडायच्या आत तिला माझ्या तोंडून कळायला हवं. उद्या बोलावलंय. तिच्यासमोर पातेलं खाली काढीन, पाणी ठेवीन. ते तापेपर्यंत सगळं सांगून व्हायला पाहिजे.