पाणवठ्यावरचा दगड

डोळ्यांदेखत हरीण मरत असेल आणि तुमच्या हातात दगड असेल, तर तुम्ही तो माराल की नाही?

मी मारला. बुद्ध पौर्णिमा होती. सकाळी विहारात पंचशील घेऊन मी प्राणीगणनेसाठी संग्रामपूरजवळच्या जंगलात गेले होते. त्याआधी वर्षभर गावोगाव पत्रकं वाटली होती : जीव वाचवा, नुसते बघत राहू नका. दुपार कलताना पाणवठ्यावर रानकुत्र्यांनी एक चितळ मादी पाडली आणि मला राहवलं नाही. मचाणावरून उतरून, ओरडत, मी दगड भिरकावले. कुत्री पांगली. चितळ मात्र उठली नाही. पोट फाटलेलं, डोळे उघडे. तिचं मरण मी फक्त लांबवलं होतं.

नेहमीचे वनमजूर आजारी, म्हणून त्या दिवशी एक अनोळखी म्हातारबाबा सोबतीला होते. ते माझ्यामागे उतरले.

"काऊन हाकललं पोरी? त्याईची पिल्लं झुडपात उपाशी हायेत."

"बाबा, मी सकाळीच शील घेतलं. जीव जाताना कशी पाहू?"

"शील तू घेतलं. कुत्र्याईनं घेतलं का?" ते हसले. मग सहज म्हणाले, "तुह्या बापाच्या वावराले तार हाये नं? रात्री करंट सोडता का वं?"

आम्ही सोडायचो, रानडुकरांसाठी. त्याच तारेला चिकटून मेलेली नीलगाय आम्ही गुपचूप पुरली होती. त्यावर मी एकही पत्रक लिहिलं नव्हतं.

"चाल वर. आपण दिसलो तं ते येत नाहीत."

मचाणावर मी डोळे मिटले. वाचवण्याचा हट्ट सोडून मैत्रीभावना केली, मनोमन भलं चिंतलं, चितळीसाठी आणि जड मनानं कुत्र्यांसाठीही. कुत्री परतली. तिची तडफड संपली. थोड्या वेळानं झुडपातून पिल्लं आली.

ते बाबा मला पुन्हा कधी दिसले नाहीत. इतकी वर्षं वंदना म्हणूनही जे उमगलं नव्हतं, ते त्यांच्या प्रश्नांनी उमगलं. शील माझ्या हातांना बांधतं. जंगलाच्या दातांवर माझा हुकूम नाही. आजही वंदनेला बसले की आधी त्यांच्यापुढे मान झुकते.

घरी येताच मी तारेची वीज तोडली. वडील भडकले, "आता डुकराईले पत्रक वाचून दाखवशीन का?"

"नाही बाबा, राखण करीन."

केली. मका थोडा गेलाच. नीलगाय मात्र एकही पुरावी लागली नाही.

तुमच्या बांधावरही तशी तार असेल, तर हे वाचून उठा, आधी स्विच बंद करा आणि आज अंधार पडायच्या आत ती वीज कायमची तोडा.